साथीची बेगमी: खान्देशातल्या घरासाठी

वैशाख लागला की आमच्या गल्लीत प्रत्येक धाब्यावर आणि गच्चीवर काही ना काही वाळत असतं. बिबड्या, कुरडया, मुगाच्या वड्या, वर्षभराची दादर ज्वारी. पावसाळ्याची बेगमी कशी करायची हे खान्देशातल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. आजारपणाची बेगमी मात्र आमच्या घरात कधी झाली नव्हती, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते अंगाशी आलं.

तेव्हा घरात धान्य होतं, तेल होतं, दोन म्हशी दुभत्या होत्या. यांना ताप भरला, दुसऱ्या दिवशी दिरांना. संध्याकाळी गोठ्यात म्हशी ओरडायला लागल्या तेव्हा कळलं की धार कोण काढणार हेच ठरलेलं नाही. सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्यांची शेवटची स्ट्रिप चालू होती. गोळीचं नाव फाइलीत, फाइल कपाटात, आणि कपाट नेमकं आजारी माणसाच्या खोलीत. सासूबाई स्वतः "माले काही व्हयेल नही" म्हणत, पदरात खोकत, घरभर फिरत होत्या. सगळे त्यातून उठले. पण वस्तू फारशा कमी पडल्या नव्हत्या, कमी पडलं होतं ते आधी ठरवून ठेवणं. म्हणून खाली सामानाची यादी आहे, पण ती बरीच पुढे येते.

आधी माणसं ठरवा

एका रात्री जेवणं झाली की सगळ्यांना बसवा आणि पाठकोऱ्या कागदावर पाच गोष्टी लिहा.

पहिली, आजाऱ्याची सेवा कोण करणार. एकच माणूस. धडधाकट, साठीच्या आतला, शुगर-दमा नसलेला. गरोदर बाई नको, तान्ह्या लेकराची आई शक्यतो नको. आपल्याकडे हे काम न विचारता सुनेच्या गळ्यात पडतं. ते पडण्याआधी ठरवा, आणि तीच आजारी पडली तर तिच्या जागी कोण, हेही. आमच्या कागदावर दुसरं नाव दिरांचं आहे. त्यांना भाकरी थापता येत नाही, पण खिचडी टाकता येते, तेवढं पुरे.

दुसरी, गुरं आणि शेत. धार, चारा, केळीच्या बागेचं पाणी, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला जाणं. यासाठी घराबाहेरचा एक माणूस आधीच बोलून ठेवा. बदल्यात त्याच्या घरी वेळ आली तर तुम्ही जाणार, असा सौदा.

तिसरी, बाहेरचं सामान कोण आणणार. चौथी, रात्री दोनला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची, चालवणार कोण. १०८ ची ॲम्ब्युलन्स आहेच, गरोदर बाईसाठी १०२ आहे, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर किंवा सातपुड्याच्या पायथ्याला ती पोचायला वेळ लागतो. त्या वेळात खाटेवरून डांबरी रस्त्यापर्यंत कोण उचलून नेणार, हेसुद्धा ठरलेलं हवं.

पाचवी, कागद. प्रत्येकाच्या गोळ्यांची नावं आणि मात्रा, कशाची ॲलर्जी, रक्तगट, आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स (महात्मा फुले योजनेत भरती होताना पहिल्यांदा तेच मागतात), लेकरांची लसीकरणाची कार्डं, आशाताई, उपकेंद्राच्या नर्सबाई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे नंबर. सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघराजवळच्या खुंटीला. कपाटात नको. कपाटाचं काय होतं ते वर सांगितलंच.

कार्डं हातात आहेतच तर तपासून घ्या. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसरा डोस राहून जाणं फार होतं, कारण तोवर पोर चालायला लागलेलं असतं आणि आई कामाला. गोवर असा पसरतो की लस न घेतलेली दहा पोरं त्याच्या संपर्कात आली तर नऊंना होतो.

एक खोली

प्लेगाच्या दिवसांत माणसं गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहायची. अंतर ठेवायचं हे शहाणपण जुनंच आहे, आपण त्याला नवं नाव दिलं इतकंच. आज घरातली एक खोली त्यासाठी मनात धरून ठेवायची.

खोली निवडताना मोठी कोणती हे पाहू नका, वारा कोणत्या खोलीतून आरपार जातो ते पाहा. जुन्या धाब्याच्या घरात मधलं घर सगळ्यात गार असतं, म्हणून आजाऱ्याला तिथेच निजवायची सवय असते. पण त्याला खिडकी नसते, आणि श्वासातून पसरणारा आजार असेल तर कोंडलेली हवा घरभर जाते. त्यापेक्षा ओसरीकडची खोली, माडी, किंवा मळ्यातली खोली बरी. एकच खिडकी असेल तर टेबलफॅन तिच्यात बाहेर तोंड करून लावा, आतली हवा बाहेर फेकली जाते. अगदीच एका खोलीचं घर असेल तर आजाऱ्याची खाट खिडकीशी, बाकीच्यांची अंथरुणं दाराशी किंवा ओट्यावर, आणि मधे जमेल तितकं अंतर.

कुलरबद्दल थोडं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तापाच्या माणसाला कुलरशिवाय ठेवणं शक्य नाही. खिडकीत बाहेरून लावलेला कुलर चांगलाच, तो बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. पण समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. खोलीच्या आत ठेवलेला कुलर मात्र तीच हवा फिरवत राहतो.

वेगळा संडास असेल तर उत्तम. नसेल तर आजाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी जायचं आणि नंतर तो ब्लीचिंगच्या पाण्याने (ते कसं करायचं ते खाली आहे) धुवायचा.

पाणी: इथे घाई नको

आपल्याकडे नळ रोज येत नाही. कुठे चार दिवसांआड, कुठे आठ, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मधल्या काळात पाइप रिकामे असतात आणि जिथे फुटके असतात तिथून गटारीचं पाणी आत शिरतं. वर आपण नळाला मोटार लावतो. मोटार पाणी ओढते तशी फुटक्या जागेतली घाणही ओढते. गॅस्ट्रो, टायफॉइड, कावीळ या वाटेने घरात येतात. म्हणून नळ आला की पहिलं पाणी पिण्याच्या भांड्यात घेऊ नका. गढूळपणा आणि वास जाईपर्यंत ते सडा-सारवणाला, झाडांना. पिण्याचं नंतर भरा, तेही मोटार न लावता येईल तेवढं.

पावसाळ्यात तापी-गिरणेला पूर आला की पाणी चहासारखं येतं. त्यात आधी तुरटी फिरवा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी चौपदरी धुतलेल्या धोतरातून गाळा आणि मगच क्लोरीन घाला. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. गोळी किंवा द्रव क्लोरीन किती लिटरला किती, हे पाकिटावर असतं तेवढंच, आणि घातल्यावर अर्धा तास थांबायचं. साथ गावात आलीच असेल तर उकळणं सगळ्यात खात्रीचं: पाणी खळखळून उकळू लागल्यावर पुढे एक मिनिट. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या. निवलेलं पाणी न धुतलेल्या माठात ओतलं की केलेली मेहनत गेली.

माठात पेला बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं घ्या किंवा तोटीचा माठ. माझ्या मते आख्ख्या लेखातला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना पटवायला सगळ्यात महाग.

गावाच्या पाण्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो की नाही, हे तुम्हीही विचारू शकता. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन आहे का ते पाहायची थेंबांची तपासणी, करून दाखवायला सांगा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही.

साठा किती हवा? नुसतं पिण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर, उन्हाळ्यात चार. स्वयंपाक आणि हात धुणं वेगळं.

साठवलेल्या पाण्यातला पाहुणा

पाणी साठवायची सक्ती आहे, म्हणून डेंग्यूही आपल्या पाचवीला पुजलेला. गेल्या वर्षी माझ्या धाकट्याने कुलरच्या टाकीत टॉर्च मारली आणि मला हाक मारली. पाण्याच्या वरच्या थराला शेपटी टेकवून, डोकं खाली करून लटकलेल्या बारीक अळ्या. उजेड पडताच सगळ्या वळवळत तळाला गेल्या. वर नवीन वाळ्याचा पॅड, खाली ही शाळा.

अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा: कुलर, टाकी, रांजण, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बश्या, गच्चीवरचं जुनं टायर, सगळं ओतून टाकायचं. नुसतं ओतून भागत नाही, काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात, पाणी लागलं की फुटतात. जूनमध्ये कुलर बंद करताना तो घासून, पुसून, पालथा ठेवायचा तो यासाठी. गुरांचा हौद रिकामा करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात विचारा, बहुतेक ठिकाणी मिळतात.

मातीच्या भिंतींच्या घरात आणखी एक काम. भेगांमध्ये आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात वाळूमाशी राहते. ती डासापेक्षाही बारीक, मच्छरदाणीच्या साध्या जाळीतून आत येईल एवढी. चांदिपुरा नावाचा लहान मुलांच्या मेंदूवर जाणारा ताप तिच्यामुळे पसरतो. नागपूरच्या चांदिपुऱ्यात १९६५ मध्ये सापडला म्हणून ते नाव, आणि २०२४ मध्ये शेजारच्या गुजरातेत त्याची मोठी साथ होती. पावसाळ्याआधी भेगा लिंपून घ्या.

डबा

एक झाकणाचा डबा, त्यावर मोठ्या अक्षरात "औषध". पत्र्याखाली किंवा गॅसजवळ ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात गोळ्या खराब होतात. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, पोरांच्या हाताला न येईल असा.

त्यात डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉलच्या दोन स्ट्रिपा आणि लहान मुलांचं औषध (मात्रा वजनावर असते, डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन बाटलीला चिकटवा), ओआरएसची दहा पाकिटं, झिंकच्या गोळ्या, एन-९५ मास्क सेवा करणाऱ्यासाठी आणि साधे तीनपदरी आजाऱ्यासाठी, हातमोजे, साबण. मास्क घातल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही बोटांनी दाबून बसवा. दाढी राखलेल्या माणसाचा मास्क नीट बसत नाही, त्याला सेवेला ठेवू नका किंवा दाढी काढायला लावा. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा यांची औषधं घरात कायम महिनाभराची हवीत. नवीन स्ट्रिप आली की मागे, जुनी पुढे.

अँटिबायोटिक साठवू नका. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा टेट्रासायक्लिनसाठी दुकानांवर झुंबड उडाली होती. मेडिकलवाल्याने "हा कोर्स घेऊन ठेवा ताई" म्हटलं तरी नको.

आमच्या डब्यात २०२१ ला घेतलेला ऑक्सिमीटर होता. मागच्या महिन्यात काढला तर सेल गळून पांढरी पूड बाहेर आलेली, पितळी पट्ट्या हिरव्या. चालेना. सेल काढून वेगळे ठेवायचे हे त्या वेळी कोणाला सुचलं नाही. वापरताना बोटावर नेलपॉलिश-मेंदी नको, हात गार नको, पाच मिनिटं शांत बसून मग मिनिटभर लावायचा.

इन्सुलिन असेल तर लोडशेडिंगचा विचार करा. मोठ्या मडक्यात वाळू, वाळूत लहान मडकं, वाळू ओली, आणि लहान मडक्यात कोरड्या डबीत इन्सुलिन. बर्फात मात्र कधी ठेवू नका, गोठलं की फेकायचं.

अन्नधान्याचं लिहायचंच नाही असं ठरवलं होतं, कारण पंधरा दिवसांचा साठा नाही असं खान्देशी घर मला अजून दिसलेलं नाही. फक्त एक: आजाऱ्याला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी जात नाही. मूगडाळ, तांदूळ, गूळ, साबुदाणा, ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील, हे हाताशी असू द्या. केळी तर आहेतच.

ब्लीचिंगचं पाणी

एक लिटर पाण्यात तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. यातून सुमारे एक टक्का क्लोरीनचं पाणी तयार होतं. फरशी, संडास, उलटी-जुलाब पडलेली जागा यासाठी. आधी घाण कागदाने किंवा राखेने उचला, मग पाणी ओता, दहा मिनिटं ठेवा, पुसा. रोजच्या रोज नवीन करा. पावडरीला झोंबरा वास येत नसेल तर ती मेलेली आहे. संडासच्या ॲसिडमध्ये किंवा फिनेलमध्ये कधीही मिसळू नका, ॲसिडमध्ये पडली तर विषारी वायू निघतो. हे पाणी पिण्यासाठीही नाही आणि अंगावर शिंपडण्यासाठीही नाही.

घरात कोणी पडलंच तर

दारावर एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन. सकाळ, दुपार, रात्र: ताप, ऑक्सिजन, किती पाणी प्यायलं, लघवी झाली का. डॉक्टरला फोनवर "बरं नाही हो" सांगण्यापेक्षा ही वही वाचून दाखवा, तो नीट ऐकतो.

जुलाब-उलट्यांत लगेच ओआरएस. एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट पेल्यात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. लेकराला उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका. "जुलाबात पाणी पाजलं की जुलाब वाढतात" हे सांगणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतं, त्यांना चहा द्या आणि तुम्ही पाजत राहा. सहा महिन्यांपुढच्या मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

डेंग्यूची शंका असेल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या, ॲस्पिरिन, ब्रुफेन, यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि डेंग्यूत ताप उतरला की आपण निर्धास्त होतो, धोक्याचे दिवस नेमके तेव्हाच असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका.

थांबायचंच नाही अशा आणखी खुणा: ऑक्सिजन ९४ च्या खाली, बोलताना दम लागणं, ओठ निळसर, सहा-आठ तास लघवी नाही, झटके, बरळणं. लहान मुलाचे श्वास मोबाइलवर मिनिट लावून मोजा, पोर शांत असताना. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर लगेच निघा. गरोदर बाईला कावीळ दिसली तरीही लगेच. पाण्यातून येणारी एक कावीळ गरोदरपणात जीवघेणी ठरते.

बाहेरून येणारे, बाहेर जाणारे

सुरतेत प्लेग आला तेव्हा तिथून लाखो माणसं बाहेर पडली. सुरत-भुसावळ गाडीने नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर जोडलेलं, आणि सुरतेच्या मिलांत अर्धा खान्देश. पुढच्या साथीतही आपली माणसं याच गाडीने घरी येणार, ऊसतोडीची माणसंही परतणार. त्यांना दारात अडवायचं नसेल, आणि अडवू नयेच, तर मळ्यातली खोली आधी झाडून ठेवा: खाट, माठ, बल्ब, शिधा. आजार कोणता त्यावर वेगळं राहायचे दिवस ठरतात, ते आशाताईंना विचारा.

अवघड भाग म्हणजे दारावर जाणं (मयताच्या घरी भेटायला), गंधमुक्ती (दिवसकार्य), लग्नं. न जाणं म्हणजे नातं तोडणं असं आपल्याकडे धरतात. घरातून एकच माणूस जाईल, उघड्यावर बसेल, जेवणाला थांबणार नाही, असं भाऊबंदांत साथ नसतानाच बोलून घ्या. साथीत बोललं की राग येतो.

गोठा आणि खुराडं

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कोंबड्यांत सापडला, महिन्याभरात जळगाव जिल्ह्यातही. २०२१ ला पुन्हा नवापूर. कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर उघड्या हाताने उचलू नका, नदीत टाकू नका, कापून वाटू तर मुळीच नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ ला कळवा. नीट शिजलेल्या कोंबडीने, उकडलेल्या अंड्याने काही होत नाही. गुरांना होणारा लम्पी हा चामडीचा आजार माणसाला होत नाही. २०२२ च्या साथीत राज्यातली पहिली नोंद रावेर तालुक्यातली होती, आणि तेव्हा उगाच लोकांनी दूध ओतून दिलं. दूध उकळून प्या, कुठल्याही साथीत.

आखाजीला एक तास

हे सगळं वर्षातून दोनदा तपासायचं. आम्ही एक दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, धरलाय. नवी घागर त्या दिवशी घरात येतेच, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. घागर भरली की डबा उतरवतो, मुदत संपलेल्या स्ट्रिपा काढतो, खुंटीवरच्या पिशवीतले नंबर लावून पाहतो. मागच्या वर्षी त्यातले दोन बंद निघाले. दुसरा दिवस पोळ्याचा, तेव्हा नजर मुख्यतः पाण्यावर आणि डासांवर. नवीन ऑक्सिमीटर आणलाय, सेल काढून रबर लावून डबीत ठेवलेत. कागदावर धार काढणाऱ्याच्या नावापुढे या वर्षी मोठ्या मुलीचं नाव आलं. म्हैस अजून तिला पान्हा सोडत नाही, रोज संध्याकाळी सराव चालू आहे.